जुन्या विळ्या-कोयत्यास नवी मूठ

शेतीच्या अवजारांचा विचार निघाला म्हणजे नांगर, कुळव, पाभर आणि अलीकडे ट्रॅक्टर यांचीच नावे प्रथम पुढे येतात. विळा, कोयता, खुरपे आणि घरातील सुरी यांची गणनाही अवजारांतच होते. परंतु त्यांची निगा राखावी लागते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. मूठ ढिली झाली की विळा वळचणीत खोचून ठेवला जातो, तेथे तो गंजतो, आणि पुढच्या सुगीला बाजारातून नवा विकत आणला जातो. अशा टाकून दिलेल्या विळ्याची नीट तपासणी केली असता बहुधा असे आढळून येते की, पाते अद्याप उत्तम असून बिघडलेली आहे ती केवळ मूठ.

ढिली मूठ ही बाब किरकोळ वाटते, पण ती तशी नाही. भात किंवा ज्वारी कापताना डाव्या हाताने धाटे धरलेली असतात आणि उजव्या हातातील विळा त्यांच्या दिशेनेच ओढला जातो. नेमक्या त्या क्षणी पाते मुठीत फिरले तर ते डाव्या हाताच्या बोटांवर किंवा पायाच्या नडगीवर येते. ऊसतोडीचा कोयता तर जोराने हाणावयाचा असतो. त्याचे पाते मुठीतून निसटले म्हणजे शेजारी वाकून काम करणाऱ्याच्या अंगावर जाते. अपघात झाला नाही तरी ढिल्या पात्याला आवळून धरण्यात कापणाऱ्याची बरीचशी शक्ती खर्ची पडते, मनगट भरून येते आणि काम मागे राहते. ऐन सुगीत एका माणसाचा एक दिवस बुडणे म्हणजे काय, हे शेतकरी बंधु-भगिनींना सांगावयास नको.

पूर्वी ही दुरुस्ती गावचे लोहार व सुतार बलुत्यावर करून देत असत. आता बलुत्याची पद्धत बहुतेक गावांतून मोडली आहे आणि पुष्कळ ठिकाणी लोहाराचा भाताही थंडावला आहे. तेव्हा हे काम ज्याचे त्याला करता येणे आवश्यक झाले आहे. ते अवघडही नाही. वाळलेल्या लाकडाचा वीतभर तुकडा, घरात असणारी चार हत्यारे आणि एका दिवसाची सवड एवढ्यावर ते होते. मात्र तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतात. पात्याचे पाणी उतरू द्यावयाचे नाही, ओले लाकूड वापरावयाचे नाही, आणि मूठ ज्याच्या हातात जावयाची त्याच्याच मापाने घडवावयाची. या तीन गोष्टींचे विवेचन पुढे क्रमाने केले आहे.

पाते ठेवावे की टाकावे?

पाते फडक्याने पुसून उजेडात न्यावे व पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

(१) तडा : पाते दोरीला टांगून खिळ्याने हलकेच वाजवावे. खणखणीत नाद निघाल्यास पाते अखंड आहे असे समजावे. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आल्यास कोठेतरी तडा असण्याचा संभव असतो. धारेपासून पाठीकडे तडा गेलेला दिसला तर ते पाते टाकून द्यावे. वेल्डिंग करून ते सांधण्याच्या भानगडीत पडू नये. त्या उष्णतेने सांध्याशेजारचे पोलाद कोठे मऊ तर कोठे ठिसूळ होते आणि पुढे ते तेथेच मोडते.

(२) झीज : वर्षानुवर्षे घासून पाते दोराएवढे अरुंद झाले असेल तर त्याला नवी मूठ बसविण्यात अर्थ नाही. मूळ रुंदीच्या निम्म्याहून अधिक भाग शिल्लक असल्यास मात्र ते अनेक हंगाम काम देऊ शकते.

(३) कडकपणा : धारेजवळ कानस हलक्या हाताने फिरवून पाहावी. कानस थोडीशी धरते पण कष्टाने चालते, असे असेल तर पाणी ठीक आहे. ती मऊ लोखंडावर चालावी तशी सहज चालली तर पाण्याची उतरंड झाली आहे असे समजावे. अजिबात न धरता काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाते फार कडक असून त्याच्या धारेचे तुकडे उडण्याची भीती असते.

(४) शेपूट : पात्याचा जो निमुळता भाग मुठीत शिरतो त्यास या लेखात शेपूट म्हटले आहे. गंज सर्वांत अधिक चढतो तो येथेच, कारण मुठीतील ओल बाहेर पडत नाही आणि गंज दिसतही नाही. जुनी मूठ काढल्यावर शेपूट खरवडून पाहावे. ते काडीएवढे बारीक उरले असल्यास मूठ बसविण्यापूर्वी लोहाराकडून ते दुरुस्त करून घ्यावे.

पाण्यासंबंधी थोडेसे

गावठी कोयते व विळे पुष्कळदा मोटारीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून घडविलेले असतात. या पोलादात शेकडा सुमारे अर्धा ते पाऊण भाग कार्बन असतो. लोहार पाते घडविल्यावर ते लालभडक, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून पाण्यात किंवा तेलात एकदम बुडवितो. त्यामुळे पोलाद अतिशय कडक, पण तितकेच ठिसूळ होते. तो ठिसूळपणा घालविण्यासाठी पाते पुन्हा थोडे तापविले जाते. त्या वेळी घासलेल्या पोलादावर रंग चढताना दिसतात. सुमारे २२० ते २३० अंशांस फिकट पिवळा, २५० ते २६० अंशांस तपकिरी, २७० ते २८० अंशांस जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा, असा हा क्रम आहे. कोणत्या रंगावर थांबावयाचे हे अवजाराच्या कामावर अवलंबून असते आणि तेच लोहाराचे खरे कसब होय.

यावरून एक गोष्ट उघड होते. धारेवर निळा रंग येईपर्यंत पाते तापले की धार मऊ पडते. ती मग कितीही घासली तरी टिकत नाही. पाते चुलीत घालून जुनी मूठ जाळून काढणे किंवा विजेच्या वेगवान चाकावर धार लावणे, या दोन सवयींनी जितकी चांगली पाती निकामी होतात तितकी ती कापणीने होत नाहीत. पाणी एकदा उतरले म्हणजे ते पुन्हा देणे हे केवळ जाणत्या लोहाराचे काम आहे.

जुनी मूठ काढणे व गंज उतरविणे

काम सुरू करण्यापूर्वी धारेवर जाड गोणपाटाची अथवा जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती दोरीने बांधावी. शेपूट मुठीतून आरपार जाऊन मागे वळविलेले असल्यास वळविलेले टोक कानशीने घासून टाकावे. ते थंड स्थितीत सरळ करण्याचा प्रयत्न केल्यास बहुधा मोडते. नंतर जुनी मूठ लाकडाच्या रेषेने पटाशीने चिरून दोन फाका कराव्यात. मुठीच्या तोंडाशी असलेले लोखंडी वा पितळी कडे, ज्यास साम म्हणतात, शाबूत असेल तर जपून ठेवावे.

गंज तीन पायऱ्यांनी उतरवावा. प्रथम पात्यास खोबरेल किंवा यंत्राचे पातळ तेल चोळून ते रात्रभर ठेवावे; त्याने वरचे पोपडे सुटतात. दुसऱ्या दिवशी ते विटेच्या तुकड्याने वा तारेच्या ब्रशाने खरवडावे आणि तेल राखेने पुसून काढावे. एवढ्याने भागले नाही तर चिंचेचा दाट कोळ पात्यावर थापून तासाभराने घासावे. चिंचेतील आम्ल गंज विरघळविते. परंतु कोळ रात्रभर ठेवला तर ते चांगल्या पोलादासही खाऊ लागते. म्हणून घासून झाल्यावर पाते राखेच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, लगेच कोरडे करावे आणि तेलाचा हात फिरवावा. शेवटी काचकागद पाण्यात भिजवून पाठीपासून धारेकडे घासावे. पाते आरशासारखे चकाकले पाहिजे असे नाही. काळसर डाग राहिले तरी हरकत नाही. तांबडा, हाताला लागणारा गंज मात्र राहता कामा नये.

लाकडाची निवड

मुठीचे लाकूड चिवट, सरळ रेषेचे आणि पूर्ण वाळलेले असावे. महाराष्ट्रात सर्वत्र मिळणारी बाभूळ या कामी उत्तम होय. ती जड, कठीण आणि आघात सोसणारी आहे. मात्र तिचा आतला गडद, तांबूस रंगाचा भाग घ्यावा. बाहेरचा पांढरट भाग किडीला लवकर बळी पडतो. धावडा हा चिवटपणात श्रेष्ठ असून कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी त्याची ख्याती आहे. कोयत्यासारख्या हाणावयाच्या अवजारास तो विशेष योग्य ठरतो. शिसवाची मूठ गुळगुळीत व टिकाऊ होते, परंतु तिचा भुसा काहींच्या कातडीस खाजवितो, म्हणून घासताना तोंडावर फडके बांधावे. साग घडविण्यास सोपा असून ऋतुमानाने फारसा फुगत वा आकसत नाही. सुरी व खुरपे यांस तो चालतो, पण जोराच्या आघाताने चिरतो म्हणून कोयत्यास वापरू नये. मुठीसाठी मुद्दाम झाड तोडण्याचे कारण नाही. सागासारखी काही झाडे तोडण्यास महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याने परवानगी लागते. शिवाय मोडक्या गाडीचा आरा, जुन्या कुळवाचा तुकडा किंवा सुताराकडील उरलेली फळी यांतून हवे तितके वाळलेले लाकूड सहज मिळते.

लाकूड वाळलेले असण्यावर एवढा भर का द्यावयाचा, हे समजून घेणे आवश्यक आहे. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ कमी होत नाही. ते आकसते ते रुंदीत. ओल्या लाकडाच्या भोकात शेपूट ठोकले तर ते प्रथम घट्ट बसते. पुढे लाकूड आकसू लागते, लोखंड मात्र आकसत नाही. परिणामी मुठीला उभा तडा जातो. याच्या उलट एक चूक घरोघर होते. मूठ ढिली वाटली की विळा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात. लाकूड फुगते आणि मूठ घट्ट होते, हे खरे. परंतु फुगलेल्या लाकडाचे तंतू लोखंडावर दाबून चेंगरले जातात. लाकूड पुन्हा वाळले म्हणजे भोक पूर्वीपेक्षाही मोठे झालेले असते, आणि आत शिरलेल्या पाण्याने शेपूट गंजते ते वेगळेच. पाण्याने घट्ट केलेली मूठ ही फार तर चार दिवसांची सोय आहे, दुरुस्ती नव्हे.

ताजे लाकूडच वापरावयाचे असल्यास एक इंच जाडीस साधारणतः एक वर्ष या हिशेबाने ते सावलीत, हवेशीर जागी वाळू द्यावे. उन्हात ठेवू नये. टोकांतून ओल फार वेगाने निघून तेथे तडे पडतात, म्हणून दोन्ही टोकांस मेण किंवा शेणमाती लावावी. लाकूड वाळले की नाही हे ओळखण्याची सोपी खूण अशी : तुकडा दर आठवड्याला एकदा घरच्या काट्यावर तोलावा व वजन भिंतीवर लिहून ठेवावे. लागोपाठ तीन-चार आठवडे वजन कमी झाले नाही म्हणजे लाकूड वाळले. झाडाच्या मधोमध असणारा गाभा मुठीत येऊ देऊ नये. तो असलेला तुकडा आज ना उद्या चिरतोच.

मूठ घडविणे

बाजारातील मुठी सर्व एकाच मापाच्या असतात, हात मात्र सर्व एकाच मापाचे नसतात. खुरपणीचे व कापणीचे पुष्कळसे काम स्त्रिया करतात, आणि पुरुषाच्या पंजाच्या मापाने केलेली जाड मूठ दिवसभर आवळून धरल्याने त्यांची बोटे व मनगट दुखू लागतात. मुठीची जाडी ठरविण्याची रीत अशी : ज्याने अवजार वापरावयाचे त्याने मूठ सहज धरावी. मधल्या बोटाचे टोक अंगठ्याच्या टोकास जेमतेम टेकले तर जाडी योग्य होय. दोहोंमध्ये अंतर राहिले तर मूठ जाड आहे. बोट अंगठ्याच्या पुढे जाऊन तळव्यात रुतू लागले तर ती बारीक आहे. साधारणतः पुरुषाच्या हातास ३ ते ३.५ सेंटिमीटर आणि स्त्रीच्या हातास २.५ ते ३ सेंटिमीटर जाडी पुरते. लांबी विळ्यास १२ ते १३ सेंटिमीटर व ऊसतोडीच्या कोयत्यास १५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी. चारही बोटे मुठीवर पूर्ण मावली पाहिजेत. करंगळी बाहेर लोंबता कामा नये.

लाकूड चौकोनी कापून प्रथम भोक पाडावे व मग आकार द्यावा. आधी गोलाई दिली तर तुकडा शिकंज्यात नीट धरता येत नाही आणि भोक तिरपे जाते. भोकाची मध्यरेषा दोन्ही बाजूंवर पेन्सिलीने आखून घ्यावी. शेपूट निमुळते असते, म्हणून गिरमिटाने तोंडाशी रुंद व आत अरुंद असे दोन टप्प्यांचे भोक पाडावे. ते शेपटापेक्षा किंचित लहानच असावे.

नंतर वाकसाने तासून व कानशीने घासून आकार द्यावा. मूठ अगदी वाटोळी न करता लंबगोल करावी. वाटोळी मूठ हातात फिरते. लंबगोल मूठ फिरत नाही आणि पात्याची धार कोणीकडे आहे हे न पाहता हाताला कळते. मागच्या टोकास थोडा उंचवटा, बोंडासारखा, ठेवावा, म्हणजे घामाने ओला झालेला हात निसटत नाही. पुढच्या टोकास कडे बसेल एवढी खाच घ्यावी. कडे नसल्यास जुन्या लोखंडी वा पितळी नळीचा २ सेंटिमीटरचा तुकडा कापून घ्यावा. या कड्याशिवाय कोणतीही मूठ बसवू नये. ठोकताना मुठीचे तोंड चिरण्यापासून तेच वाचविते. अखेरीस आधी जाड व मग बारीक काचकागदाने मूठ घासावी. पॉलिशाने तिला फार चकचकीत करू नये; घामट हातात अशी मूठ निसरते.

मूठ बसविणे

शेपटाच्या विळ्यास पुढील रीत सर्वांत खात्रीची आहे.

(१) पाते ओल्या फडक्यात गुंडाळावे. फडके शेपटाच्या बुडापर्यंत आले पाहिजे आणि काम चालू असेपर्यंत त्यावर पाणी शिंपडीत राहावे.

(२) केवळ शेपटाचे टोक शेगडीत मंद लाल होईपर्यंत तापवावे, भोकात सरळ दाबून दोन-तीन सेकंदांत बाहेर काढावे व भोकातील कोळसा झटकून टाकावा. असे दोन-तीन वेळा केले म्हणजे भोकास शेपटाचाच आकार येतो. फार वेळ दाबून धरू नये. लाकूड अधिक जळाले तर कोळशाचा थर चुरून मूठ पुढे ढिली होते.

(३) शेपूट बुडाशी साधारण एक सेंटिमीटर बाहेर राहील एवढेच भोक जाळावे. तेवढे अंतर शेवटी थंड स्थितीत ठोकून भरून काढावयाचे असते.

(४) राळ चार भाग, मेण एक भाग आणि विटकरीची वस्त्रगाळ पूड एक भाग हे मिश्रण लहानशा डब्यात मंद आचेवर वितळवावे. ते पेट घेते, म्हणून डबा जाळावर ठेवू नये आणि जवळ वाळू असू द्यावी. हे मिश्रण भोकात निम्मे ओतावे, शेपूट किंचित कोमट करून आत दाबावे व बाहेर आलेला भाग थंड झाल्यावर खरवडून काढावा. राळेऐवजी बाजारात दोन नळ्यांत मिळणारा इपॉक्सी गोंद वापरला तरी चालतो. मात्र तो वापरताना शेपूट थंड व तेलविरहित असावे आणि अवजार २४ तास हलवू नये.

(५) राळ थिजण्यापूर्वीच, आणि गोंद असल्यास तो ओला असतानाच, मूठ ठोकून बसवावी. पात्यावर हातोडा मारू नये. मूठ हातात उभी धरावी, पाते खाली मोकळे लोंबू द्यावे आणि मुठीच्या वरच्या बुडावर लाकडी हातोड्याने नेमके घाव घालावेत. पाते आपल्या वजनाने जागच्या जागी राहू पाहते आणि मूठ त्याच्यावर चढत जाते. पाय पात्याच्या रेषेतून बाजूला ठेवावेत.

शेपूट लांब असून मुठीतून आरपार जात असल्यास मागे निघालेले टोक तापवून वळवावे व लाकडात बसवावे; कोयत्यास हीच पद्धत अधिक भरवशाची आहे. काही कोयत्यांचे व सुऱ्यांचे शेपूट पट्टीसारखे रुंद असून त्यास भोके असतात. त्यास दोन बाजूंनी लाकडाच्या दोन फळ्या लावून पितळी वा तांब्याच्या रिव्हेटांनी आवळावयाचे असते. रिव्हेटची भोके फळ्यांत मोजून पाडावीत आणि हातोडीचे घाव हलके व अनेक घालावेत. एकच जोरदार घाव फळी चिरतो.

मूठ बसल्यावर तीस जवसाचे तेल द्यावे. पहिला आठवडा रोज एकदा आणि पुढे महिनाभर आठवड्यातून एकदा पातळ हात फिरवून जास्तीचे तेल पुसून टाकावे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन सुकते व लाकडात घट्ट थर धरते. खोबरेल व शेंगदाण्याचे तेल असे सुकत नाही, त्याने मूठ निसरडी राहते. याउलट पात्यास खोबरेलच चांगले. जवसाच्या तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. सुकताना त्यात उष्णता निर्माण होते आणि ते आपोआप पेट घेऊ शकते. ते उघड्यावर पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून टाकून द्यावे.

धार लावणे

मूठ पक्की झाल्यावरच धारेस हात घालावा. धारेस खांडे पडली असतील तर ती कानशीने सारखी करून घ्यावी आणि मग निसण्यावर किंवा कुरुंदाच्या दगडावर पाणी घालून धार लावावी. दगड ओला ठेवला म्हणजे पाते तापत नाही व त्याचे पाणी सुरक्षित राहते. मुख्य गोष्ट कोनाची. ४ सेंटिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ दगडापासून १ सेंटिमीटर उचलली असता सुमारे १५ अंशांचा कोन होतो. दीड सेंटिमीटर उचलली असता सुमारे २२ अंशांचा होतो. गवत, भात व भाजी कापणाऱ्या पात्यास पहिला कोन आणि ऊस व फांद्या तोडणाऱ्या कोयत्यास दुसरा कोन द्यावा. कोयत्यास फार पातळ धार दिली तर ती पहिल्याच दिवशी दुमडते. लोहाराने ज्या बाजूने उतार दिला असेल त्याच बाजूने घासावे व दुसऱ्या बाजूने केवळ कंगोरा काढण्यापुरता दगड फिरवावा. विळ्याचे पाते वाकडे असल्यामुळे पाते दगडावर घासण्याऐवजी दगडच हातात घेऊन धारेवरून फिरविणे सोईचे पडते. त्या वेळी बोटे दगडाच्या कडेच्या मागे असावीत. दातेरी विळ्यास ही रीत लागू नाही. दगडाने त्याचे दाते बोथट होतात. त्याचा प्रत्येक दाता बारीक तिधारी कानशीने स्वतंत्रपणे उजळावा लागतो.

ऊसतोडीच्या कोयत्याबद्दल

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीस 'एक कोयता' असे म्हणतात. माणसांची मोजणीच या अवजाराच्या नावाने होते, इतके ते त्या संसाराच्या मध्यभागी आहे. उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखरेचे प्रमाण अधिक असते, म्हणून ऊस जमिनीलगत तोडणे लाभाचे असते. खोडव्याच्या दृष्टीनेही तेच योग्य. बुडखे उंच राहिले तर वरच्या डोळ्यांतून अशक्त फुटवे येतात, जमिनीलगत तोडल्यास ते खालून जोमाने येतात. परंतु जमिनीलगत तोडण्यास पूर्ण वाकून, नेमक्या जागी, एकाच घावात कोयता मारावा लागतो. मूठ ढिली आणि धार बोथट असेल तर तोडणारा आपसूकच वर तोडतो आणि बुडखे फाटून त्यांत कीडरोग शिरतो. म्हणून मजुराच्या कोयत्याची मूठ ही केवळ मजुराची चिंता नाही, ती बागाईतदाराचीही आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी फडावर एक निसणा, एक कानस व वाळलेल्या लाकडाचे काही तुकडे ठेवणे उभयतांच्या हिताचे होईल.

निगा व सुरक्षितता

दररोज काम संपल्यावर पाते पुसून तेलाचा बोळा फिरवावा. उसाचा रस, कांद्याचा रस व गोठ्यातील ओल यांनी गंज फार लवकर चढतो. अवजार गोठ्यात, चुलीच्या धगीत किंवा वळचणीच्या ओलीत ठेवू नये. भिंतीस खुंटी मारून, धार आतल्या बाजूस करून, मुलांच्या हातास लागणार नाही अशा उंचीवर टांगावे. वाटेने नेताना धारेवर गोणपाटाचे किंवा चामड्याचे म्यान असावे. कोकणात कोयती कंबरेच्या लाकडी आकडीत अडकवून नेण्याची जी पद्धत आहे ती अनुकरणीय आहे. पाते घासताना डोळ्यांस चष्मा लावावा. कापल्यास जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, स्वच्छ फडक्याने दाबून धरावी व दवाखान्यात जावे. गंजलेल्या किंवा मातीने माखलेल्या पात्याने झालेली जखम लहान असली तरी धनुर्वाताची लस घेण्यात हयगय करू नये. जखमेत हळद, चुना किंवा माती भरू नये.

मूठ बसविण्याचे काम शक्यतो उन्हाळ्यात करावे. तेव्हा लाकूड सर्वांत कोरडे असते आणि पावसाळ्यात ते किंचित फुगून शेपटास अधिकच घट्ट धरते. पावसाळ्यात बसविलेली मूठ उन्हाळ्यात सैल पडते. नंतर खंडेनवमीस, म्हणजे खरिपाची कापणी तोंडावर आली असता, घरातील सर्व अवजारे पूजेसाठी पुसून पुढे मांडली जातात. त्या दिवशी कुंकू लावण्यापूर्वी प्रत्येक विळा, कोयता व खुरपे हातात घेऊन पाते मुठीत हलते की काय, हे एकदा अवश्य पाहावे. जे हलत असेल ते त्या दिवशी पूजेस ठेवावे, पण दुरुस्त केल्यावाचून शेतात नेऊ नये.